रोगांचे क्रमांक बदलताना

ओल्या फरशीवरून पाय घसरला की माणूस नकळत हात पुढे टेकतो. अंगाचा सगळा भार तळव्यावर येतो आणि मनगटाच्या थोडे वर, अंगठ्याच्या बाजूचे लांब हाड मोडते. डब्लिनचे शल्यविशारद अब्राहम कॉलिस यांनी १८१४ साली या अस्थिभंगाचे वर्णन केले, म्हणून त्याला आजही कॉलिसचा अस्थिभंग म्हणतात. क्ष-किरणांचा शोध लागायला तेव्हा ऐंशी वर्षे अवकाश होता.

अमेरिकेतल्या एखाद्या दवाखान्यात ३० सप्टेंबर २०१५ रोजी असा रुग्ण आला असता, तर विमा कंपनीकडे जाणाऱ्या देयकावर ८१३.४१ हा आकडा लिहिला गेला असता. त्यातून एवढेच कळायचे की हाड मोडले आहे आणि वरची कातडी फाटलेली नाही. दुसऱ्या दिवशी, म्हणजे १ ऑक्टोबरला, तोच रुग्ण आला तर त्या जागी एस५२.५३१ए असे लिहावे लागले. यातला सहावा अंक १ म्हणजे उजवा हात. डावा असेल तर २ आणि कोणता हात ते नोंदलेलेच नसेल तर ९. शेवटचे अक्षर ए म्हणजे अस्थिभंग बंद प्रकारचा असून मूळ उपचार चालू आहेत. पुढे हाड नीट जुळत असताना रुग्ण तपासणीला आला की ए जाऊन डी येतो. हाड जुळायला उशीर होत असेल, ते वाकडे जुळले असेल, जुळलेच नसेल, तर अक्षरे आणखी वेगळी. अशी सोळा अक्षरे आहेत. हाताचे तीन पर्याय आणि अक्षरांचे सोळा, म्हणजे या एका अस्थिभंगासाठी ४८ संकेतांक झाले. जुन्या यादीत बंद आणि उघडा असे दोनच होते. शिक्षक मित्रांनी क्रमपर्यायाच्या धड्याला हे उदाहरण जरूर वापरावे.

एका रात्रीत झालेला हा बदल प्रत्यक्षात पंचवीस वर्षे रखडला होता. तारखा ठरत होत्या आणि पुढे ढकलल्या जात होत्या. 'आम्हाला पुरेसा वेळ द्या' असे डॉक्टर आणि रुग्णालये म्हणत होती, तर 'आणखी किती?' असा सांख्यिकी जाणणाऱ्यांचा सवाल होता. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य होते. ते समजण्यासाठी ही यादी मुळात कशी जन्मली ते पाहायला हवे.

रोगांची यादी करण्याची गरज प्रथम मृत्यूमुळे पडली. सतराव्या शतकात लंडनमध्ये दर आठवड्याला मृत्यूंची पत्रके छापली जात. मृताच्या घरी जाऊन कारण पाहून येण्याचे काम परगण्यातल्या वयस्कर बायका करत. जॉन ग्राँट या कापड व्यापाऱ्याने या पत्रकांचा अभ्यास करून १६६२ मध्ये पुस्तक छापले. त्यातल्या कोष्टकांत मृत्यूचे एक कारण म्हणून चक्क 'दात' दिलेले आहे! दात येण्याच्या वयात दगावलेली मुले त्यात मोडत. पुढे १८३९ मध्ये इंग्लंडच्या निबंधक कार्यालयाच्या पहिल्या वार्षिक अहवालात विल्यम फार यांनी दुखण्यावर बोट ठेवले. एकाच रोगाला तीनचार नावे असतात आणि एकच नाव अनेक रोगांना लावले जाते, मग मोजणार काय, असा त्यांचा मुद्दा होता. वजनमापांची एकके पदार्थविज्ञानाला जितकी आवश्यक, तितकीच एकसारखी रोगनामावली आरोग्याच्या अभ्यासाला आवश्यक आहे, हे त्यांनी ओळखले.

हा प्रश्न आपल्याकडेही होता. ब्रिटिश अमलात खेड्यातला मृत्यू नोंदवणारा पाटील किंवा कोतवाल काही वैद्य नव्हता. कारणाच्या रकान्यात बहुतेक वेळा 'ताप' हा शब्द पडे, आणि हिवताप, विषमज्वर, फुफ्फुसदाह असे सगळे त्या एका शब्दात सामावून जात. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात मूळचे गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. अशा साथीचा माग नंतर नोंदवह्यांतून काढायचा, तर 'ताप' या शब्दाच्या पोटात काय काय दडले आहे हे शोधत बसावे लागते.

फार यांच्या मनातली यादी आंतरराष्ट्रीय व्हायला बराच काळ गेला. १८५३ मध्ये ब्रुसेल्सच्या सांख्यिकी परिषदेने फार आणि जिनिव्हाचे मार्क देस्पिन या दोघांवर हे काम सोपवले. दोघांनी दोन वेगळ्या तत्त्वांवर दोन वेगळ्या याद्या आणल्या आणि १८५५ मध्ये पॅरिसला तडजोड म्हणून १३९ नोंदींची यादी मान्य झाली. ती फारशी रुजली नाही. रुजली ती पॅरिस शहराच्या सांख्यिकी विभागाचे प्रमुख जाक बेर्तियों यांची. १८९३ मध्ये शिकागो येथे त्यांनी ती सादर केली. १८९८ मध्ये अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य संघटनेने ती स्वीकारण्याची शिफारस केली आणि सोबत एक शहाणपणाची सूचना जोडली : दर दहा वर्षांनी तिची उजळणी व्हावी. त्यानुसार १९०० साली पॅरिसमध्ये २६ देशांचे प्रतिनिधी जमले आणि पहिली आवृत्ती ठरली.

पाचव्या आवृत्तीपर्यंत ही यादी प्रामुख्याने मृत्यूच्या कारणांची होती. १९४८ मध्ये नव्याने स्थापन झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेने सहावी आवृत्ती काढली, तेव्हा तिच्यात जिवंत रुग्णांच्या आजारांनाही जागा मिळाली. सातवी १९५५, आठवी १९६५, नववी १९७५ अशी दहा वर्षांची लय जवळपास सांभाळली गेली. ती मोडली दहाव्या आवृत्तीने. तिला जागतिक आरोग्य सभेची मान्यता मिळाली मे १९९० मध्ये, आणि देशांनी ती वापरायला सुरुवात केली १९९४ पासून. रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाला त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून आय.सी.डी. म्हणतात.

नववीत संकेतांक मुख्यतः अंकांचे होते. तीन अंकांचा गट आणि दशांशचिन्हापुढे पोटविभाग. पण दशमान पद्धतीत एका घराला दहाच खोल्या. अकरावा पोटप्रकार सापडला की त्याला ठेवायचे कुठे? अमेरिकेने १९७९ पासून नवव्या आवृत्तीची स्वतःची विस्तारित प्रत वापरली, तीत शस्त्रक्रियांचीही यादी होती. विज्ञान पुढे गेले तशी हृदयावरच्या नव्या उपचारांना हृदयाच्या प्रकरणात जागाच उरली नाही. ते भलत्याच प्रकरणांत नेऊन बसवावे लागले. दहाव्या आवृत्तीत पहिल्या जागी रोमन अक्षर आले आणि जागा एकदम वाढली. तिच्यावर आधारलेल्या अमेरिकी प्रतीत सुरुवातीला रोगांचे सुमारे ६८ हजार संकेतांक होते. जुन्यात ते १४ हजारांच्या आसपास होते. शस्त्रक्रियांची यादी तर सुमारे चार हजारांवरून ७२ हजारांवर गेली.

हे आकडे पाहून अमेरिकी वृत्तपत्रांनी भरपूर करमणूक करून घेतली. बदकाचा धक्का लागून झालेल्या इजेला डब्ल्यू६१.६२ हा खास क्रमांक आहे. जेट विमानाच्या इंजिनात ओढला गेलेला माणूस दुसऱ्यांदा तपासणीला आला, तर त्यासाठीही आहे. (दुसऱ्यांदा येण्याइतका तो उरला कसा, हा प्रश्न अनेकांनी विचारला.) माझ्या मते ही थट्टा थोडी अन्यायाची होती. नव्या संकेतांकांपैकी सुमारे निम्मे हाडे, सांधे आणि स्नायूंचे आहेत, आणि एक तृतीयांशाहून अधिक केवळ उजवे-डावे वेगळे केल्यामुळे वाढले आहेत. शब्दकोश जाडजूड आहे म्हणून कोणी सगळे शब्द वापरत नाही. नेत्रतज्ज्ञाला डोळ्यांचे, दंतवैद्याला दातांचे क्रमांक पुरतात.

मग इतका वेळ कशाला हवा होता? पुस्तक बदलले, नवे उघडले, असे का झाले नाही? याचे उत्तर अमेरिकेच्या एका विशेष परिस्थितीत आहे. १९८३ मध्ये तिथल्या शासनाने मेडिकेअर या ज्येष्ठांच्या आरोग्यविम्यात रुग्णालयांना पैसे देण्याची पद्धत बदलली. रुग्णालयाने किती खर्च केला हे न पाहता रुग्ण कोणत्या निदानगटात मोडतो त्यावर रक्कम ठरू लागली. गट ठरणार संकेतांकावरून. मोजणीसाठी केलेली यादी अशा रीतीने पैशाच्या हिशेबाची वही बनली. क्रमांक चुकला तर आकडेवारीत चूक होतेच, शिवाय देयक परत येते आणि परिचारिकेचा पगार थांबतो. मोठे रुग्णालय दोनतीन महिने कर्जावर निभावून नेईल. गावातला एकटा डॉक्टर काय करील?

याचा उत्तम पुरावा म्हणजे मृत्युदाखले. त्यांचा पैशाशी संबंध नाही आणि त्यांवरचे संकेतांक शासकीय कार्यालयांतले मोजके प्रशिक्षित कर्मचारी व संगणक देतात. त्यामुळे अमेरिकेने मृत्यूसाठी दहावी आवृत्ती १९९९ मध्येच लागू केली, फारसा गाजावाजा न होता. जिवंत रुग्णांसाठी मात्र नववीच राहिली. सोळा वर्षे त्या देशात मेलेल्यांना एक यादी आणि जिवंतांना दुसरी असा प्रकार चालला होता.

जिवंतांची यादी बदलायची तर अनेक गोष्टी एकापाठोपाठ बदलाव्या लागतात. पहिली गोष्ट डॉक्टरच्या हातची. त्याने केसपेपरवर 'मनगटाचे हाड मोडले' एवढेच लिहिले असेल, तर कोणताही हुशार कोडर त्यातून उजवा-डावा काढू शकत नाही. म्हणजे आधी डॉक्टरांची लिहिण्याची सवय बदलायला हवी, आणि सवय एका कार्यशाळेने बदलत नाही हे शिक्षकांना मी काय सांगावे! त्यानंतर कोडरांचे प्रशिक्षण. दहाव्या आवृत्तीसाठी त्यांना शरीररचनाशास्त्र अधिक खोलात शिकावे लागले. मग संगणकाच्या आज्ञावल्या, मग विमा कंपन्यांचे नियम. शिवाय या सगळ्यांना जोडणारी माहिती पाठवण्याची पद्धत. ४०१० या क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या जुन्या मानकात नवे संकेतांक मावतच नव्हते. त्यामुळे आधी १ जानेवारी २०१२ पासून ५०१० हे नवे मानक आणावे लागले, आणि त्यातही अडचणी आल्याने सहा महिने कारवाई न करण्याचे धोरण ठेवावे लागले. या कड्यांपैकी एक जरी मागे राहिली तरी बाकीच्यांची तयारी वाया. तुमच्या दवाखान्याची आज्ञावली तयार आहे, पण विमा कंपनीची नाही, तर पैसे येणार नाहीत.

शासनाने ऑगस्ट २००८ मध्ये प्रस्ताव मांडला तेव्हा १ ऑक्टोबर २०११ ही तारीख दिली होती, म्हणजे तीन वर्षांची मुदत. डॉक्टर आणि रुग्णालयांनी हरकती घेतल्या की ५०१० आणि दहावी आवृत्ती एवढ्या काळात एकामागून एक आणणे अशक्य आहे. शासनाने ते ऐकले. जानेवारी २००९ च्या अंतिम नियमात तारीख १ ऑक्टोबर २०१३ झाली. मला हा निर्णय योग्य वाटतो. आधी वाहतुकीचा रस्ता रुंद करायचा आणि मग मोठ्या गाड्या सोडायच्या, हा क्रम त्यात होता आणि पावणेपाच वर्षे हा काळ कामाच्या मानाने वाजवी होता.

पुढचे मात्र तसे नाही. नोव्हेंबर २०११ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या प्रतिनिधी सभेने हा बदल थांबवण्यासाठी जोर लावण्याचा ठराव केला. २०१२ मध्ये शासनाने तारीख एक वर्षाने पुढे नेली, १ ऑक्टोबर २०१४. आणि ती सहा महिन्यांवर आलेली असताना, १ एप्रिल २०१४ रोजी, मेडिकेअरच्या डॉक्टरांच्या मानधनाविषयीच्या एका कायद्यावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली. त्यात एका वाक्याचे कलम घुसवलेले होते : १ ऑक्टोबर २०१५ च्या आधी दहावी आवृत्ती लागू करता येणार नाही. कनिष्ठ सभागृहात ते विधेयक आवाजी मतदानाने संमत झाले होते.

या शेवटच्या वर्षाने कोणाचे भले झाले? ज्यांनी काहीच केले नव्हते त्यांची सुटका झाली. ज्यांनी आज्ञावल्या विकत घेतल्या, कर्मचाऱ्यांना शिकवले, त्यांना ते सगळे आणखी वर्षभर ताजे ठेवावे लागले. आरोग्य शासनाच्या स्वतःच्या अंदाजानुसार एका वर्षाच्या विलंबाची किंमत एक अब्जापासून साडेसहा अब्ज डॉलरपर्यंत होती. सर्वांत वाईट अवस्था विद्यार्थ्यांची. कोडिंगचा अभ्यासक्रम शिकवणाऱ्या महाविद्यालयांनी २०१४ मध्ये बाहेर पडणाऱ्या मुलांना नवीच पद्धत शिकवली होती. हजारो मुले अशा यादीत तरबेज होऊन बाहेर पडली, जी कोणीच वापरत नव्हते. त्याच वर्षी पश्चिम आफ्रिकेत इबोलाची साथ पेटली आणि अमेरिकेत रुग्ण आढळला. दहाव्या आवृत्तीत इबोलाला ए९८.४ हा स्वतंत्र क्रमांक होता. अमेरिकेतल्या नवव्या आवृत्तीत नव्हता. तो 'इतर' म्हणून नोंदवावा लागला. 'ताप' या रकान्याचेच हे आधुनिक रूप म्हणायचे.

विलंब मागणाऱ्यांचा आणखी एक मुद्दा होता, की जुन्या क्रमांकावरून नवा काढण्याचे कोष्टक दिले की काम भागेल, प्रशिक्षण कशाला? शासनाने अशी कोष्टके तयारही केली होती. ती किती पुरतात हे आपल्याकडच्या जुन्या उदाहरणावरून समजते. १ एप्रिल १९५७ रोजी भारतात दशमान नाणी आली, तेव्हा आणे आणि नवे पैसे काही काळ बाजारात एकत्र फिरत होते. चार आणे म्हणजे पंचवीस नवे पैसे, आठ आणे म्हणजे पन्नास, इथपर्यंत ठीक. पण एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे! ते सव्वा कोणाच्या पदरात घालायचे यावर घासाघीस होत असे. नाण्यांच्या हिशेबात निदान पूर्णांकात बसवून वाद मिटवता येतो. ८१३.४१ चे रूपांतर उजव्या हातात करायचे की डाव्या, हे मात्र कोणतेही कोष्टक सांगू शकत नाही, कारण ती माहिती जुन्या क्रमांकात नव्हतीच.

इतर देशांनी काय केले? ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेने १९९५ मध्ये दहावी आवृत्ती घेतली. ऑस्ट्रेलियाने काही राज्यांत १९९८ च्या जुलैत आणि उरलेल्यांत वर्षभराने अशी दोन हप्त्यांत घेतली. कॅनडाने २००१ पासून प्रांतागणिक सुरुवात केली आणि २००६ मध्ये काम पूर्ण केले. हप्त्याहप्त्याने जाण्यात शिकणाऱ्यांना दिलासा असतो, पण मधल्या काळात सबंध देशाचे चित्र दोन भाषांत विभागलेले राहते. जर्मनीतही बाह्यरुग्ण डॉक्टरांच्या विरोधामुळे १९९६ ची तारीख हुकली आणि २००० उजाडले. कॅनडातून एक उपयुक्त आकडा मिळाला. टोरोंटोच्या एका रुग्णालयात कोडर ताशी साडेचारांच्या आसपास केसपेपर हातावेगळे करत. नवी पद्धत येताच हे प्रमाण ताशी दोनवर आले आणि वर्षभराने पावणेचारांपर्यंत वर चढले. बदलानंतर काही महिने काम निम्म्यावर येणारच, हे त्यातून आधीच समजत होते.

प्रत्यक्ष १ ऑक्टोबर २०१५ उजाडला तो तयारीनिशी. त्या वर्षी मेडिकेअरने खऱ्यासारखी चाचणी देयके मागवून ती शेवटपर्यंत तपासून पाहिली. जानेवारीच्या फेरीत ८१ टक्के स्वीकारली गेली, एप्रिलच्या फेरीत ८८. जुलैमध्ये शासन आणि मेडिकल असोसिएशन यांनी मिळून जाहीर केले की पहिले बारा महिने, डॉक्टरांचा संकेतांक योग्य कुटुंबातला आणि अस्तित्वात असलेला असेल, तर केवळ तो पुरेसा नेमका नाही म्हणून देयक नाकारले जाणार नाही. याशिवाय २०११ पासून दोन्ही याद्यांतले नेहमीचे वार्षिक बदल जवळजवळ गोठवून ठेवले होते. शिकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर लक्ष्य हलू नये एवढाच हेतू. (ते गोठण २०१६ मध्ये उठले आणि एका दमात जवळजवळ दोन हजार नवे रोग-संकेतांक यादीत आले.)

ऑक्टोबरअखेर आकडे जाहीर झाले. रोज सरासरी ४६ लाख देयके येत होती. नामंजूर झालेल्यांचे प्रमाण १०.१ टक्के, आणि पूर्वीपासूनचे नेहमीचे प्रमाण होते १० टक्के. दहाव्या आवृत्तीचा चुकीचा क्रमांक टाकल्यामुळे परत गेलेली देयके एक टक्क्याच्या दहाव्या भागाहूनही कमी. भाकित केलेला हाहाकार झाला नाही. विलंबवादी म्हणतात, वेळ मिळाला म्हणून झाला नाही. माझे मत असे की, पुढे ढकललेल्या तारखांपेक्षा शेवटच्या वर्षातल्या चाचण्या आणि तारखेनंतर दिलेली बारा महिन्यांची सवलत यांनी जास्त काम केले. तारखेच्या आधीचा वेळ आळशी माणूस खर्च करून टाकू शकतो. तारखेनंतरचा वेळ मात्र फक्त काम करणाऱ्यालाच मिळतो, आणि त्यातल्या चुका शिकवून जातात.

इथपर्यंत पैशाची बाजू झाली. मला स्वतःला अधिक महत्त्वाची वाटते ती मोजमापाची बाजू, आणि तिच्याविषयी या सगळ्या वादात फारच कमी बोलले गेले. प्रयोगशाळेत जुना तराजू काढून नवा आणायचा असेल, तर आम्ही तोच नमुना दोन्ही तराजूंवर तोलून पाहतो. फरक किती पडतो ते नोंदवल्याखेरीज जुना तराजू कपाटात जात नाही. रोगांच्या यादीचेही तसेच करावे लागते. अमेरिकेच्या आरोग्य सांख्यिकी केंद्राने मृत्युदाखल्यांच्या बाबतीत हे केले. १९९६ मध्ये झालेल्या मृत्यूंचे दाखले त्यांनी नवव्या आणि दहाव्या अशा दोन्ही आवृत्त्यांनी मोजले. निकाल बोलका आहे. जुन्या यादीने इन्फ्लुएन्झा व न्यूमोनियाचे म्हणून जे १०० मृत्यू मोजले असते, तिथे नव्या यादीने साधारण ७० भरले. अल्झायमरच्या १०० च्या जागी १५५ झाले. माणसे तीच, दाखले तेच. कित्येकदा न्यूमोनिया हा दुसऱ्या मोठ्या आजाराचा शेवटचा टप्पा असतो. नव्या नियमांनुसार अशा मृत्यूंपैकी बरेच मूळ आजाराच्या खात्यावर गेले. १९९८ आणि १९९९ चे आकडे शेजारी ठेवून कोणी आलेख काढला तर न्यूमोनियावर एका वर्षात विजय मिळाल्यासारखे दिसेल. हा दुहेरी मोजणीचा खटाटोप केलेला असल्यामुळेच तो आलेख दुरुस्त करता येतो.

२०१५ च्या बदलातही अशी पायरी दिसली. अफूजन्य वेदनाशामकांच्या व्यसनाने अमेरिकेत तेव्हा हाहाकार माजवला होता. त्यांमुळे रुग्णालयात दाखल होणाऱ्यांची संख्या २०१५ च्या तिसऱ्या तिमाहीवरून चौथ्या तिमाहीत सुमारे १४ टक्क्यांनी वाढलेली आढळली. यातली किती वाढ व्यसनाची आणि किती नव्या संकेतांकांच्या व्याख्यांची? धोरण ठरवणाऱ्याला हा प्रश्न सोडवल्यावाचून पुढे जाता येत नाही.

एखाद-दुसरा नवा क्रमांक जोडणे ही वेगळी गोष्ट, हेही लक्षात घ्यावे. दहाव्या आवृत्तीत यू या अक्षराखाली काही घरे अकस्मात येणाऱ्या रोगांसाठी मोकळी ठेवलेली होती. २०२० च्या सुरुवातीला कोविड आला तेव्हा त्याला यू०७.१ हा क्रमांक मिळाला आणि अमेरिकेत तो १ एप्रिल २०२० पासून लागूही झाला. भारतात बंगळूरच्या राष्ट्रीय रोग-माहिती केंद्राने त्याच वर्षी कोविड मृत्यूंची नोंद कशी करावी याची मार्गदर्शिका काढली. घर मोकळे असले की आठवडे पुरतात. सगळी वस्तीच हलवायची असली की वर्षे लागतात.

आपल्या दृष्टीने या विषयाचे दोन धागे आहेत. पहिला रोजगाराचा. अमेरिकी रुग्णालयांचे केसपेपर वाचून त्यांना संकेतांक देण्याचे बरेच काम चेन्नई, हैदराबाद, पुणे, नवी मुंबई अशा शहरांत होते. जीवशास्त्र किंवा औषधनिर्माणशास्त्र शिकलेली आपली कितीतरी मुले 'मेडिकल कोडिंग' या नावाने हेच करतात. वॉशिंग्टनमध्ये तारीख पुढे गेली की त्यांच्या प्रशिक्षणाचे वेळापत्रकही बदलत होते.

दुसरा धागा आपल्या स्वतःच्या नोंदींचा. जन्म-मृत्यू नोंदणी कायदा १९६९ चा आहे, पण २०२० मध्ये भारतात नोंदलेल्या मृत्यूंपैकी वैद्यकीय कारण प्रमाणित झालेले मृत्यू फक्त २२.५ टक्के होते. गोव्यासारख्या छोट्या राज्यात हे प्रमाण जवळपास पूर्ण असते, मोठ्या राज्यांत फार कमी. यादी कितीही अद्ययावत असली तरी जिथे कारणच लिहिले जात नाही तिथे ती काय करणार?

आणि आता अकरावी आवृत्ती आली आहे. जागतिक आरोग्य सभेने ती मे २०१९ मध्ये मान्य केली आणि १ जानेवारी २०२२ पासून ती अमलात आली. देशांना बदलासाठी किमान पाच वर्षांचा संक्रमणकाळ लागेल हे संघटनेने सुरुवातीलाच मान्य केले आहे. या आवृत्तीत ४८ क्रमांक पाठ करण्याची गरज नाही. मनगटाजवळच्या अस्थिभंगाचा एक मूळ क्रमांक आणि त्याला जोडायचे 'उजवा' किंवा 'डावा' यांचे वेगळे सुटे क्रमांक, अशी रचना आहे. भारताचा तिच्याशी आणखी एक संबंध आहे. १० जानेवारी २०२४ रोजी नवी दिल्लीत तिचा एक विभाग प्रसिद्ध झाला, ज्यात आयुर्वेद, सिद्ध आणि युनानी पद्धतींतल्या निदानांना संकेतांक दिले आहेत. वात, पित्त, कफ यांच्या भाषेत केसपेपर लिहिणाऱ्या वैद्यांना आता तो विभाग वापरायला शिकायचे आहे, आणि त्यांच्यासाठी दुहेरी मोजणीची व्यवस्था कोण व कशी लावणार, हे काम अजून पुढे आहे.